खुर्चीचं माप

आमच्या निपाणीच्या घरात कमोड बसवला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं धरा. आमच्या गल्लीतला तो पहिला कमोड. पाहुणे आले की आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांना चहा व्हायच्या आधी परसात न्यायचे आणि साखळी ओढून दाखवायचे. पाणी धो धो आलं की पाहुणे माना डोलवायचे. या सगळ्याचं मला काही कौतुक नव्हतं असं लिहायला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. मला कौतुक होतं. त्याची मापं मी घेतली होती.

त्याआधीचं सांगायला हवं. मी लहान असताना, सत्तर सालाच्या आसपास, आमच्या घरात संडास नव्हता. आप्पांचा तंबाखूचा व्यापार होता, स्वतःची वखार होती, घराला दोन मजले होते. आणि घरातल्या बायका तांब्या घेऊन ओढ्याकडं जात होत्या. आई, जिला गल्लीत सगळे आक्का म्हणायचे, चिकोडीकडून लग्न होऊन आली तेव्हापासून वीस-बावीस वर्षं जात होती. पावसात, आजारात, आम्हा दोघांच्या वेळी पोटुशी असताना. मग अण्णाचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न ठरलं. मुलगी संकेश्वरची. बैठकीत तिच्या वडिलांनी सरळ विचारलं, "घरात सोय हाय न्हवं?" आप्पांची मान खाली गेली असेल तर त्या एकाच प्रश्नानं. महिन्याच्या आत परसात संडास उभा राहिला. सुनेसाठी. आईनं कधी मागितला नव्हता, म्हणून तिला मिळाला नव्हता. मागितला असता तर मिळाला असता का, हे मी आप्पांना कधी विचारलं नाही.

तो संडास त्या काळी बांधायचे तसाच होता. तीन दगडी पायऱ्या, वर ओटा, ओट्यात बसवलेलं चिनी मातीचं भांडं, दोन बाजूंना पाय ठेवायला खाचांचे ठोकळे. त्या पायऱ्यांवरून आई एका सकाळी घसरली आणि तिचा खुबा मोडला. बेळगावच्या दवाखान्यात दीड महिना काढला. आत सळई घालून हाड जोडलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, यापुढं उकिडवं बसायचं नाही, कमोड करून घ्या.

गाडीत बसल्यावर आईनं आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगितलं, "माझं मला जाता आलं पायजे, एवढं बघा. कुणाच्या हातावर न्हाय जगायचं मला." तिनं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट मला आठवते. आप्पांनी मान हलवली. आप्पा वाईट माणूस नव्हते. खर्चाला त्यांनी मागंपुढं बघितलं नाही. हे मी न्यायानं लिहिते आहे, मायेनं नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं, पुढंही झालं नाही. घरात मला मान होता तो आकड्यांपुरता. कुठला कागद वाचायचा असला, कसलं त्रैराशिक मांडायचं असलं की हाक यायची. अण्णा कमोड आणायला बेळगावला गेला आणि हात हलवत परत आला. दुकानदारानं त्याला विचारलं होतं, भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंत अंतर किती? अण्णानं हातानं दाखवलं, वीतभर आणि चार बोटं. दुकानदार हसला आणि म्हणाला, घरी जा, मोजून या.

तोवर गवंड्यानं पायऱ्या फोडल्या होत्या, ओटा उतरवला होता, भांडं काढून बाजूला ठेवलं होतं. जमिनीत नुसतं पाइपाचं तोंड उरलं होतं, त्यावर चिंधीचा बोळा. अण्णानं टेप धरला आणि आकडा सांगितला. मी म्हटलं, "चुकतंय. तू विटेपासनं मोजतोयस. तिथं गिलावा व्हायचाय, वर पांढऱ्या टाइल बसायच्यात. भिंत दीड इंच पुढं येणार." गवंडी हातातली थापी ठेवून माझ्याकडं बघायला लागला. म्हातारा माणूस, निपाणीतल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या हातच्या. म्हणाला, "बाई बराबर बोलत्यात. दीड इंचानं समदं वाया गेलं असतं." मग टेप माझ्याकडं आला. मी गिलावा धरला, टाइल धरली, पाइपाचा मध्य दोन बाजूंनी काढला आणि कागदावर आकृती काढून दिली. दुसऱ्या खेपेला अण्णानं आणलेला कमोड असा बसला की मागं बोट घालायला जागा उरली नाही. तंबाखूच्या रिकाम्या ट्रकमधून तो आला, गवतात गुंडाळून, वर गोणपाट टाकून. वखारीतल्या हमालांना आप्पांनी कपाट आहे म्हणून सांगितलं होतं.

मापावर जेवढी चर्चा झाली त्याच्या चौपट दिशेवर झाली. आमच्या परसाच्या मागं बस्ती आहे. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. बसणाऱ्याचं तोंड बस्तीकडं नको आणि पाठही नको, म्हणून बस्तीतल्या उपाध्यांना, म्हणजे पुजाऱ्यांना, बोलावून आणलं. ते संडासाच्या दाराबाहेर बरेच लांब उभे राहिले आणि तिथूनच हातानं दिशा दाखवून गेले. तीन दिवस हे चाललं होतं. जिच्यासाठी चाललं होतं ती दहा पावलांवरच्या खोलीत पडून होती.

चौथ्या दिवशी कमोड जागेवर ठेवायच्या आधी गवंड्यानं विचारलं, "आप्पा, बसनार कोन? आक्काच न्हवं? मग त्येंचं गुडघ्यापासनं टाचंपतूर माप घ्याया पायजे. हे भांडं सोळा इंची हाय. खाली वटा घालायचा का जमिनीत दाबायचं, त्ये मापावर हाय."

आप्पांचा आवाज चढला. "घरातल्या बायकांचं माप घ्याया तू काय शिंपी हाईस व्हय रं?"

गवंडी वरमला. अण्णानं दुसरीकडं बघितलं. गवंड्यानं माझ्याकडं बघितलं, कारण हिला मापातलं कळतं हे त्यानं पाहिलं होतं. मी बोलले नाही. चार पुरुषांत आईच्या पायांबद्दल बोलायचं, तेही संडासाच्या दारात, याची मला लाज वाटली. टेप माझ्याच हातात होता. आत जाऊन आईचं लुगडं वीतभर वर करायचं आणि मोजायचं, एवढंच काम होतं.

"मग उंची किती धरू?" गवंड्यानं विचारलं.

"खुर्चीएवढी कर. मानूस खुर्चीवर बसतंय तसंच बसायचं की."

वखारीतली खुर्ची आणली. आप्पा स्वतः जिच्यावर बसायचे ती. आप्पा सहा फुटी. मी खुर्ची मोजली आणि मोठ्यानं सांगितलं, "अठरा इंच." गवंड्यानं खाली दोन इंचाचा सिमेंटचा ओटा धरला, त्यावर कमोड बसवला, वर प्लास्टिकची बैठक आली. पाणसळ लावून बघितली. सुताचा फरक नव्हता.

पहिल्यांदा मी आईला धरून नेलं. बसवलं. अशा वेळी आईकडं बघायचं नसतं, म्हणून मी भिंतीकडं बघत उभी राहिले. टाइलांचे सांधे सरळ आले होते. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, बोटं रुतत होती. मला वाटलं, खुबा दुखतोय. विचारलं, "जमतंय न्हवं?"

"जमतंय गं," ती म्हणाली. "झ्याक झालंय."

मग पाहुण्यांची रांग सुरू झाली, ते सांगून झालंच आहे.

सकाळी मी घरात असायची. दहाला शाळेला निघायचे, संध्याकाळी साडेपाचला परत. दुपारी घरात वैनी असायची, पण सुनेला हाक मारणं आईच्या स्वभावात नव्हतं, आणि वैनी हाक मारल्याशिवाय येणाऱ्यांतली नव्हती. महिनाभरानं कधीतरी माझ्या ध्यानात आलं, आई दुपारचं पाणी पीत नाही. मग संध्याकाळचं जेवण सुटलं. सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीतच, पण ती चारला देखील काही घेईना. सकाळी नऊच्या सुमाराला एकदा जेवायची, त्याच वेळी काय पाणी प्यायचं ते प्यायची, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंड बंद.

दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं असतं तर लोक घाबरले असते. आमच्या घरात आनंद झाला. दिवसातून एकदाच अन्न आणि एकदाच पाणी घेणं, याला आमच्यात एकाशन म्हणतात. मोठं व्रत आहे. भलेभले पर्युषण पर्वाच्या दहा दिवसांत कसंबसं निभावतात. आणि इथं मोडक्या खुब्याची बाई रोज करत होती. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही, बहुतेक आप्पाच. "एवढ्या दुखण्यातनं उठली आन् एकाशन धरलंय बघा हिनं." बस्तीतल्या बायका दर्शनाला आल्यासारख्या घरी यायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "आक्का, कितीचा नेम केलाय?" आई म्हणाली, "जमंल तेवढा." ती खोटं बोलली नाही. लोकांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं.

भाद्रपदात पर्व आलं तेव्हा बस्तीत तिचा सत्कार झाला. खुर्चीवर बसवून नेलं, त्याच खुर्चीवर. पाय अधांतरी राहू नयेत म्हणून तिथं तिच्या पायाखाली चौरंग ठेवला होता, कारण चार माणसांत सत्काराच्या बाईचे पाय लोंबकळलेले बरे दिसत नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. तिला साडी नेसवली, नारळानं ओटी भरली. आप्पा पुढच्या रांगेत जरीच्या टोपीत बसले होते. आईच्या तोंडावर एक नवीनच काहीतरी होतं. लाज होती, आणि लाजेखाली थोडा आनंदही होता. तिच्याकडं इतकी माणसं एकदम कधी बघत बसली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी स्वतः सांगितलं, आमच्या आईनं असं असं व्रत धरलंय. बाकीच्या शिक्षिकांनी हात जोडले. मला आजही ते हात आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उन्हाळ्यात तिला ताप भरला. लघवीला जळजळ, मग थंडी, मग पायांवर सूज. व्रताचं पुण्य आहे, उतरेल, असं म्हणण्यात आठवडा गेला. आठव्या दिवशी तिला शुद्ध राहिना तेव्हा बेळगावला नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "या दिवसाला पाणी किती पितात?" आप्पांनी अभिमानानं सांगितलं.

चार-पाच दिवसांनी आईला जरा उठवून बसवता यायला लागलं. वॉर्डात एक आया होती, पान खाणारी, बोलायला फटकळ, कन्नड बाई. आईचं माहेर कन्नड. लग्न होऊन आल्यावर तिनं ती भाषा उंबऱ्याबाहेर ठेवली होती. आप्पा बाजारात निम्मं बोलणं कन्नडात करायचे, पण घरात त्यांना चालत नसे. आयेनं आईला कमोडकडं नेलं तेव्हा मी मागं होते. आयेनं दारामागचा एक बुटका लाकडी पाट पायानंच पुढं सरकवला, आईला बसवलं आणि तिचे पाय त्यावर ठेवले. काही विचार न करता, रोज दहा जणींना करत असेल तसं. आई त्या पाटाकडं बघत राहिली. मग कन्नडात काहीतरी म्हणाली, भरभर, आणि रडायला लागली.

मला कन्नड कळतं. ती म्हणत होती, घरी माझे पाय टेकत नाहीत. बसलं की लोंबकळतात. पुढं घसरून पडेन, पुन्हा हाड मोडेल, या भीतीनं होतच नाही. सकाळी लेक असते, तिचा हात धरते, तेवढ्यात उरकते. म्हणून मी पाणी पीत नाही.

आया माझ्याकडं वळली आणि मला कळावं म्हणून मोडक्या मराठीत म्हणाली, "तुमच्या घरात पाट न्हाय व्हय?"

आमच्या घरात पाट नाही! भिंतीला टेकवून ठेवलेले नऊ पाट होते. आप्पांचा शिसवी, पितळी फुलं ठोकलेला. अण्णाचा त्याच्या खालोखाल.

त्या दुपारी आई झोपली असताना मी तिच्या पायावरची चादर बाजूला केली आणि पर्समधला शाळेचा टेप काढला. गुडघ्यामागून टाचेपर्यंत चौदा इंच. आमचा कमोड बैठकीसकट एकोणीस. पाच इंचांचा फरक. चौथीतल्या मुलीला येईल अशी वजाबाकी. ज्या बाईनं टाइलीची जाडी हिशेबात धरली होती, तिनं आपल्या आईची उंची धरली नव्हती.

घरी आल्यावर मी आधी स्वयंपाकघरात गेले आणि आप्पांचा शिसवी पाट उचलला. अडीच इंच. अण्णाचाही उचलला. अडीच इंच. एकावर एक ठेवून कमोडपुढं लावले. दोघं जेवायला येऊन उभे राहिले तेव्हा आप्पा म्हणाले, "पाट कुठं हाय?" मी सांगितलं.

"जेवायचा पाट संडासात? बाटवलास?"

"व्हय," मी म्हटलं. "तुम्ही खुर्चीवर बसा. ती तुमच्याच मापाची हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले होते. ते जेवले नाहीत. त्यांनी एक दिवस जेवण टाकलं तर घरात सुतक आल्यासारखं झालं, मात्र आईनं वर्षभर पाणी टाकलं होतं तर ओटी भरली होती.

आई आता कुणाला हाक न मारता, काठी घेऊन, भिंतीला धरून जायला लागली. पाटावर पाय टेकवून बसायची. बाहेर आल्यावर तिचा चेहरा मोकळा असायचा. एवढंच तर तिनं मागितलं होतं. पण किडन्या कामातून गेल्या होत्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, सूज चढते आहे, यापुढं पाणी मोजून द्यायचं, दिवसाला इतके पेले आणि वर एक घोटही नाही. म्हणजे पाणी होतं तेव्हा तिला जाता येत नव्हतं, आणि जाता यायला लागलं तेव्हा पाणी बंद झालं. पेला मोजायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. मापातलं मला कळतं ना.

एका रविवारी दुपारी बस्तीतल्या तिघी-चौघी भेटायला आल्या. आई पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बाजेवर बसली होती. तिनं पाणी मागितलं. मी अर्धा पेला भरला, खुणेपर्यंत, आणि दिला. ती तो थांबून थांबून प्यायली आणि रिकामा पेला परत करताना माझ्याकडं बघत राहिली, अजून मिळेल का म्हणून.

त्यांतली एक बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बघा की. एवढ्या आजारात पन नेम सोडला न्हाय आक्कानं. अजून पाणी मोजूनच."

आतून आप्पांचा आवाज आला, "लई कडक एकाशन तिचं."

माझं डोकं फिरलं. मी तिथंच, पेला हातात धरून, मोठ्यानं सांगितलं. "कसलं एकाशन? व्रत न्हाय आन् बित न्हाय. संडासात तिचे पाय टेकत नव्हते म्हणून तिनं पाणी सोडलं हुतं. आम्ही तिचं माप घेतलं न्हाय म्हणून. आता किडन्या गेल्यात म्हणून मोजून द्यावं लागतंय. कळलं?"

बायका जरा वेळ बसल्या आणि एकेक करत उठल्या. निघताना कुणी आईच्या पाया पडलं नाही. एरवी पडायच्या. आप्पा खोलीतून बाहेर आलेच नाहीत. मला मात्र बरं वाटत होतं. वर्षभराचं साचलेलं खरं एकदाचं बोलून मोकळी झाले, असं वाटत होतं. मी आईकडं बघितलं, तिलाही बरं वाटलं असेल म्हणून.

ती स्वतःच्या पायांकडं बघत होती. सोप्यातली बाज बुटकी, तिथं ते नीट टेकलेले होते.

"कशापायी सांगितलंस गं?" ती म्हणाली. "तेवढंच एक माझ्या नावावर हुतं."